दीर आफ्रिकेच्या बोटीवर चाललाय, तापाचं आणि बाकी रोगराईचं काय काय बघायचं?

वहिनी_घणसोली

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण मर्चंट नेव्हीतले आहेत किंवा घरातलं कोणीतरी बोटीवर आहे म्हणून इथेच विचारतेय. माझा धाकटा दीर, वय २३, ओएस (डेकवरचा सगळ्यात ज्युनियर खलाशी) म्हणून पहिल्यांदाच जॉइन होतोय, सीबीडीतल्या एका मॅनिंग एजंटकडून (बोटींना माणसं पुरवणारा) काम झालं, मेडिकल झालं, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक हातात आहे. बल्क कॅरियर, म्हणजे धान्य-कोळसा असला माल नेणारी बोट आहे, काकीनाड्याला तांदळाची पोती भरून पश्चिम आफ्रिकेला जाणार, कोटोनू आणि आबिजान अशी नावं सांगितलीत (मी नकाशात शोधली तेव्हा सापडली). अजून साधारण तीन आठवडे आहेत.

यलो फीवरची लस मागच्या आठवड्यात घेतली, ते पिवळं पुस्तक मिळालं. एजंटकडचा मुलगा म्हणाला झालं, आता काही लागत नाही. पण माझ्या माहेरी वाशीला आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी तिकडूनच आला होता, चांगला हसत खेळत आला, पेढे वाटले, आणि दहाव्या दिवशी ताप येऊन आयसीयूत. मलेरिया निघाला. वाचला, पण किडनीला त्रास झाला आणि डायलिसिसवर होता काही दिवस. हे सासूबाईंना माहितीये त्यामुळे घरात रोज तोच विषय.

दिराला विचारलं मलेरियाच्या गोळ्या देतात का तुम्हाला, तर म्हणतो वहिनी मला लहानपणी दोनदा मलेरिया झालाय, आपण घणसोलीचे, बॉडी इम्युन आहे. आता यावर काय बोलणार.

तर माझे प्रश्न, गोळी घ्यायची असते का, बोटीवर डॉक्टर असतो का, पाणी कुठलं पितात, आणि वीस-बावीस माणसं एकाच ठिकाणी महिनोन्महिने राहतात तर एकाला काही झालं की सगळ्यांना होत नाही का? अजून काही राहत असेल तर तेही सांगा. एजंटला जास्त विचारलं की तो म्हणतो मॅडम पोराला पाठवायचंय की नाही.

सेकंडमेट_निवृत्त

वहिनी, एजंटकडच्या मुलाचं मनावर घेऊ नका, त्याने बोट लांबूनच बघितली असेल. मी २२ वर्षं समुद्रावर होतो, आता नेरुळला घरी असतो आणि सकाळी चाणक्यच्या (मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग कॉलेजच्या) पोरांना पळताना बघतो.

डॉक्टर नसतो. शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि तीन दिवसांहून लांबचा परदेशी प्रवास असेल तरच बोटीवर डॉक्टर ठेवायची सक्ती आहे, म्हणजे क्रूझवाल्यांना. बल्करवर डॉक्टर म्हणजे आम्ही डेकवरचे ऑफिसर, बहुतेक ठिकाणी सेकंड मेट. मेडिकल केअरचा कोर्स केलेला असतो, औषधांचं कपाट असतं, जागतिक आरोग्य संघटनेचं बोटींसाठीचं जाडजूड पुस्तक असतं, आणि अडलं की सॅटेलाइटवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरला फोन किंवा मेल. रोमला सीआयआरएम म्हणून केंद्र आहे, १९३५ पासून चालू आहे, कुठल्याही देशाच्या बोटीला फुकट सल्ला देतात. मी त्यांच्याशी बऱ्याचदा बोललोय. ते विचारतात टेंपरेचर किती, पल्स किती, पोट दाबल्यावर कुठे दुखतं, आणि तुम्ही एका हातात फोन दुसऱ्या हातात पेशंटचं पोट धरून उत्तरं देता. हेलिकॉप्टर वगैरे किनाऱ्याच्या आसपास असलात तर, अटलांटिकच्या मध्यावर कोणी येत नाही.

आता एकाला झालं की सगळ्यांना होतं का. लोकांना वाटतं आफ्रिका म्हणजे इबोला नाहीतर अजून काही भयंकर. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त डोकेदुखी दिली कांजिण्यांनी. हसू नका. एक इंजिन कॅडेट, घरून येऊन दहा-बारा दिवस झालेले, अंगावर फोड. त्याला हॉस्पिटल केबिनमध्ये टाकला, जेवण दाराबाहेर कागदी प्लेटमध्ये. मग कॅप्टन म्हणाला ज्याला लहानपणी होऊन गेल्यात त्यानेच त्याच्याकडे जायचं, झालं, सगळे आपापल्या आयांना फोन लावायला लागले की आई मला कांजिण्या झाल्या होत्या का. चाळिशीतला बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), एवढा दांडगा माणूस, फोनवर आईला तेच विचारतोय. रोमच्या डॉक्टरने समजावलं की थंड देशात जवळजवळ सगळ्यांना लहानपणीच होऊन जातात, गरम देशातली बरीच माणसं मोठी होईपर्यंत सुटलेली असतात, म्हणून आपले आणि फिलिपिनो पोरं त्यात सापडतात आणि मोठ्या माणसाला जास्त जोरात होतात, न्यूमोनियापर्यंत जातं. पंधरा दिवसांनी अजून दोघांना आल्या. तोपर्यंत पोर्ट आलं, कळवल्यावर पोर्ट हेल्थवाले वर आले, कार्गो थांबला, चार्टररचे, म्हणजे बोट भाड्याने घेतलेल्या पार्टीचे, मेल वर मेल. एवढ्याशा फोडांनी ४० हजार टनाची बोट अडवली.

तेव्हा दिराला आधी हे विचारा, कांजिण्या झाल्यात का.

मलेरियाचं म्हणाल तर गोळी घ्यायची, नक्की घ्यायची. पोत्यांचा तांदूळ आहे ना, तो क्रेनने स्लिंग लावून निघतो, पाऊस आला की हॅच (मालाच्या कोठाराचं झाकण) बंद, मग परत उघडा, कधीकधी तीन तीन आठवडे एकाच धक्क्यावर. टँकर किंवा कंटेनरवाला दोन दिवसांत निघून जातो, तुमचा दीर मात्र तिथेच राहणार. आणि ओएसला गँगवे वॉच (बोटीच्या शिडीवरचा पहारा) असतो, रात्री बारा ते चार शिडीच्या तोंडाशी उभा, तो मलेरियाच्या डासाचा जेवणाचा टाइम. गरम होतं म्हणून पोरं बॉयलर सूटच्या बाह्या कमरेला बांधून बनियनवर उभी असतात. बाह्या खाली, कॉलर बंद, एकोमोडेशनची (राहायच्या केबिनच्या भागाची) दारं बंद ठेवायची म्हणजे एसीच्या आत डास येत नाही. स्टीव्हडोर लोक (माल उतरवणारे तिथले कामगार) सारखे ये-जा करतात आणि दार उघडंच राहतं, ते बंद करायचं काम पण ओएसचंच.

काढा_सम्राट

आमच्याकडे गुळवेल + कडुनिंब + काळी मिरी काढा घेतात, पाच वर्षांत घरात कुणाला मलेरिया नाही. केमिकल गोळ्यांनी लिव्हर जातं. पावडर करून डब्यात देता येईल, कस्टमवाले अडवत नाहीत.

डॉ_पाचपाखाडी

काढा सम्राट, तुमच्या घरी मलेरिया नाही कारण तुमच्या घरात फाल्सिपेरमने (मलेरियाच्या जीवघेण्या जातीने) भरलेले डास नाहीत. काढा प्या, पण या पोराला तेवढ्यावर पाठवू नका, हात जोडतो.

मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करतो, शिपवाले पेशंट बरेच येतात म्हणून लिहितोय. वहिनी, तुमच्या दिराच्या इम्युनिटीबद्दल. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत जो मलेरिया होतो त्यातला बराचसा वायव्हॅक्स, थंडी वाजते, माणूस हैराण होतो, पण सहसा मरत नाही. पश्चिम आफ्रिकेत जो आहे तो मुख्यतः फाल्सिपेरम, तो मेंदूत जातो, किडनी बंद पाडतो, आणि ताप सुरू झाल्यावर उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत माणूस गंभीर होऊ शकतो. लहानपणी दोनदा झाला त्याचा इथे काहीही उपयोग नाही. आफ्रिकेत वाढलेल्या मोठ्या माणसांना वर्षानुवर्षं चावून चावून थोडीफार प्रतिकारशक्ती येते, आणि तीसुद्धा काही वर्षं परदेशात राहिले की उतरते. घणसोलीच्या डासांनी ते काम होत नाही.

गोळ्या. क्लोरोक्विन नको, तिकडचा परजीवी त्याला दाद देत नाही, मेडिकलवाल्याने तीच काढून दिली तर परत करा. तीन पर्याय असतात. डॉक्सिसायक्लिन, रोज एक, तिथे पोचायच्या एक-दोन दिवस आधी सुरू आणि तो भाग सोडल्यावर चार आठवडे. स्वस्त आहे पण उन्हात कातडी भाजते, आणि हा डेकवर काम करणार, शिवाय भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, तीही रोज, जेवणाबरोबर, पण नंतर सातच दिवस, महाग पडते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते, पण चक्कर, भयानक स्वप्नं, मूड बिघडणं असं होऊ शकतं, उंचावर चढून काम करणाऱ्याला मी शक्यतो देत नाही. कुठली ते त्याला समोर बसवून, बाकीची औषधं आणि आजार विचारूनच ठरतं, मी इथे लिहिलंय म्हणून दुकानात जाऊन घेऊ नका. बोटीवर गोळ्या असतातच असं धरून चालू नका, कंपनीला लेखी विचारा की कुठली आणि किती, पहिल्यांदा जॉइन होणारा आहे त्यामुळे त्याच्या बॅगेतही असू देत, प्रिस्क्रिप्शनसकट.

आणि आता तुमच्या वाशीच्या शेजाऱ्याचा मुद्दा, मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी महिना किंवा त्याहून जास्त. पोरगं तिकडून विमानाने घरी येतं आणि ताप येतो इथे. पावसाळा असेल तर फॅमिली डॉक्टर प्लेटलेट बघतो, कमी आहेत, डेंग्यूच असणार म्हणून पॅरासिटामॉल आणि पपईची पानं. प्लेटलेट मलेरियातही पडतात! माझ्याकडेही एकदा असा आला होता, दुसरीकडे तीन दिवस व्हायरल म्हणून गोळ्या खाऊन. मी सहज विचारलं काय करतोस रे, तर म्हणाला शिपवर असतो, परवाच पश्चिम आफ्रिकेतल्या लोमेहून आलो. परवाच! आणि हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी ॲडमिट केला, इंजेक्शनवाली आर्टेसुनेट चालू केली, सुटला.

तिकडून आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, साधा वाटला, गोळी घेत असला तरी, दारातून आत शिरता शिरता पहिलं वाक्य हेच पाहिजे की मी आफ्रिकेहून आलोय, मलेरियाची टेस्ट करा. स्मीअर (काचेवर रक्त घेऊन बघतात ती) आणि कार्ड (झटपट होणारी) दोन्ही टेस्ट, त्याच दिवशी. निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत.

कांजिण्यांबद्दल सेकंडमेट साहेबांनी बरोबर सांगितलं, फक्त एक अडचण, यलो फीवर आणि कांजिण्या दोन्ही जिवंत विषाणूच्या लशी. एकाच दिवशी दिल्या तर चालतं, नाहीतर मध्ये चार आठवडे लागतात. याची यलो फीवर मागच्या आठवड्यात झाली आणि तीन आठवड्यांत निघायचंय, म्हणजे गणित अगदी काठावर आहे आणि दुसरा डोस तर पुढच्या सुट्टीतच. आधी आईला विचारा झाल्यात का. टायफॉइड आणि हेपटायटिस ए च्या लशीला असली अट नाही, त्या घेऊन टाका. हेपटायटिस बी आणि धनुर्वाताचंही रेकॉर्ड बघा.

गॅलीतला_माणूस

मी चीफ कुक, गाव गुहागरकडे, आता दिव्याला राहतो, सध्या सुट्टीवर. हेपटायटिस ए चं नाव निघालं म्हणून लिहितो.

ब्राझीलच्या सँटोसहून सोयाबीन घेऊन चीनला निघालो होतो, ३५-४० दिवसांचा पल्ला, मध्ये काही नाही, पाणीच पाणी. आमचा मेसमन (कुकच्या हाताखालचा, जेवण वाढणारा) पोरगा, कामाला वाघ, पण आठ दिवस झाले जेवण जात नव्हतं, म्हणत होता चीफ ॲसिडिटी आहे. मी पण म्हटलं असेल. एक दिवस सकाळी अंडी फोडताना त्याने वर बघितलं, डोळे हळदीसारखे. विचारलं लघवी कशी होते तर गप्प. चार दिवस चहासारखी होत होती आणि कुणाला बोलला नाही, कारण पहिलं काँट्रॅक्ट, आईच्या ऑपरेशनचं कर्ज, घरी पाठवतील आणि परत घेणार नाहीत ही भीती. आणि हाच पोरगा रोज सगळ्यांची सलाड कापत होता. नंतर कळलं की हा आजार डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त पसरतो, म्हणजे आम्ही सगळे खाऊन बसलो होतो. महिनाभर रोज सकाळी आरशात आपापले डोळे बघायचो. इंजिनरूममधला एक मोटरमन आडवा झाला, बाकीचे वाचलो, आमच्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी गावच्या विहिरीच्या पाण्याने होऊन गेला असणार असं डॉक्टर म्हणाला. युरोपियन क्रू असता तर रांग लागली असती.

म्हणून मी आता गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) पहिल्याच दिवशी सांगतो, जुलाब-उलट्या झाल्या तर मला सांग, मी कॅप्टनकडे जाऊन भांडीन पण तू थांबल्यावर अजून ४८ तास जेवणाला हात लावायचा नाही. पगार कापत नाहीत. लपवलंस तर मात्र मी तुला सोडणार नाही.

वहिनींनी पाण्याचं विचारलंय. बोटीवर पाणी दोन मार्गांनी येतं, पोर्टवरून भरतात नाहीतर समुद्राचं पाणी इंजिनाच्या गरमीवर उकळून बनवतात. आता उकळलेलं म्हणजे शुद्ध असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, पण ते मशीन व्हॅक्युमवर चालतं, पाणी ८० डिग्रीच्या खूप खालीच उकळतं, जंतू मरायची खात्री नसते, म्हणून नंतर क्लोरीन नाहीतर यूव्ही लागतं. किनाऱ्याजवळ तर ते चालवतच नाहीत, घाण पाणी असतं म्हणून. पोर्टवरून घेताना होज पिण्याच्या पाण्याचाच पाहिजे, फायर होजने भरणारे महाभाग मी बघितलेत. नवीन कंपन्या पिण्यासाठी बाटल्या देतात, पण दात घासायला नळच. दिराला सांगा केबिन बरेच दिवस बंद असेल तर शॉवर दोन-चार मिनिटं गरम सोडून बाहेर उभं राहायचं, मग अंघोळ. कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला म्हणून जंतू वाढतो, तो पिऊन होत नाही, फवाऱ्यातून श्वासात जाऊन न्यूमोनिया करतो. हे मला एका सुपरिंटेंडंटने सांगितलं तेव्हा मी पण तोंडात बोट घातलं.

बाहेर खायचं तर गरम, समोर शिजवलेलं खा, कापलेली फळं नको, बर्फ नको. आणि त्याला म्हणावं कुकशी दोस्ती कर, सगळे रोग बरे होतात 😄

न्हावाशेवा_रोजचा

मी शिपिंग एजंटकडे बोर्डिंगला आहे, रोजचं उरण-शेवा. दोनच गोष्टी.

एक, ते पिवळं पुस्तक. लस घेतल्यापासून दहाव्या दिवसापासून ते धरलं जातं, त्याच्याकडे तीन आठवडे आहेत म्हणजे प्रश्न नाही. २०१६ च्या जुलैपासून एकदा घेतलेली लस जन्मभर धरतात, दहा वर्षांनी परत घे म्हणणारा कोणी भेटला तर त्याला हे सांगा. बोटीवर चढल्यावर पासपोर्ट, सीडीसी आणि हे पुस्तक सगळं कॅप्टनकडे जमा होतं. साइन ऑफ करताना (बोटीवरची नोकरी संपवून उतरताना) पोरं पासपोर्ट घेतात आणि पुस्तक विसरतात!! मग यलो फीवरवाल्या देशातून मुंबई एअरपोर्टला उतरले की हेल्थवाले विचारतात, पुस्तक नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. पुस्तक आहे पण चेक-इन बॅगेत आहे हा पण नमुना मी बघितलाय. हँडबॅग, पासपोर्टला रबर लावून.

दोन, बोटीवर पोर्टवाले काय बघतात. बोट यायच्या आधी कॅप्टन आरोग्याचं डिक्लरेशन पाठवतो, कुणाला ताप, पुरळ, जुलाब, कुणी मेलं का, असे प्रश्न. सगळं ठीक असेल तर प्रॅटिक मिळतं, म्हणजे किनाऱ्याशी संबंध ठेवायची परवानगी. पिवळा झेंडा लावलेला दिसला की लोकांना वाटतं बोटीवर रोगराई आहे, उलट आहे, आजच्या नियमात त्याचा अर्थ माझी बोट निरोगी आहे, मला प्रॅटिक द्या. शिवाय सॅनिटेशनचं सर्टिफिकेट असतं, सहा महिने चालतं, त्यात गॅली, स्टोअर, पाणी, कचरा, उंदीर सगळं येतं. पूर्वी फक्त उंदरांचंच सर्टिफिकेट असायचं, जुने लोक अजून डीरॅट म्हणतात. बोटीच्या दोरखंडांवर ज्या पत्र्याच्या गोल थाळ्या दिसतात त्या उंदरांसाठी. उगाच नाही, १८९६ ला मुंबईत प्लेग पहिल्यांदा दिसला तो मांडवीत, गोदीला लागून असलेल्या धान्याच्या गोदामांत. माझ्या पणजीच्या तोंडून प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी आल्यात आमच्या घरात, असो, विषय लांबतोय.

वहिनी_घणसोली

बापरे एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. अपडेट देते. सासूबाईंना पक्कं आठवतंय, दुसरीत असताना कांजिण्या झाल्या होत्या, अंथरुणावर कडुनिंब घातला होता आणि सहामाहीचा पेपर बुडाला होता. म्हणजे एक काळजी गेली. टायफॉइड आणि हेपटायटिस ए उद्या घेतोय.

पण कुकदादांनी मेसमनचं लिहिलंय ते वाचून दीर एकदम शांत झाला. मग म्हणाला वहिनी मी पण सांगितलं नसतं. आमच्यावर पण लोन आहे हो कोर्सचं. खरंच आजारी पडला म्हणून घरी पाठवतात का आणि खर्च आपल्याकडून घेतात का? आणि पुढे काम देत नाहीत का?

अजून एक, सासूबाईंनी ओडोमॉसच्या बारा ट्यूब आणल्यात. चालतं का ते तिकडे?

सेकंडमेट_निवृत्त

वहिनी, त्याला हे वाचायला द्या.

बोटीवर असताना आजारी पडलास तर उपचार, औषध, हॉस्पिटल आणि घरी आणायचं तिकीट सगळं मालकाच्या डोक्यावर, हा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनचा नियम आहे, २००६ चं कन्व्हेन्शन, २०१३ पासून लागू, भारतानेही २०१५ ला मान्य केलंय. घरी आणल्यावरसुद्धा बरा होईपर्यंत पगार, पूर्ण किंवा त्याचा काही भाग, आणि देशाच्या कायद्याने त्याला मर्यादा घातली तरी ती आजारपणाच्या सुरुवातीपासून १६ आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. करारात हे कलम कुठे आहे ते सही करायच्या आधी बोट ठेवून दाखवायला सांगा एजंटला. आणि मेख कुठे आहे तर नोकरीला लागताना आधीचा आजार मुद्दाम लपवला असेल तर मालक हात वर करू शकतो. म्हणून मेडिकलच्या फॉर्मवर टीबी, कावीळ, फिट, जे काही होऊन गेलं असेल ते खरं लिहायचं. एजंट म्हणतात नो नो नो टिक कर, काही होत नाही. होतं.

पुढे काम देत नाहीत का, तर खोटं कशाला बोलू, असे लोक आहेत. माझ्याच एका जुन्या कंपनीत ज्याला मध्येच साइन ऑफ केलं त्याची फाइल खाली जायची, कागदावर कुठेच नाही पण सगळ्यांना माहीत. तरी सांगतो, ताप दाबून ठेवलेला पोरगा मी बघितलाय. एबी (ओएसच्या वरचा खलाशी) होता, दोन दिवस पॅरासिटामॉल खाऊन वॉच केला, तिसऱ्या दिवशी बडबडायला लागला, आणि पोर्ट अजून चार दिवस लांब. माझ्या कपाटात मलेरियाची औषधं होती म्हणून. पहिल्याच दिवशी आला असता तर मी टेस्ट करून गोळ्या दिल्या असत्या, चार दिवस झोपला असता, बोटीवरच राहिला असता, काँट्रॅक्ट पूर्ण केलं असतं. लपवल्यामुळेच त्याला उतरवावं लागलं. बहुतेक वेळा असंच होतं, लवकर सांगणारा बोटीवर राहतो.

कोविडमध्ये तर उलटंच, माणसं उतरायला रडत होती. २०२० च्या शेवटी जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी काँट्रॅक्ट संपून अडकले होते. माझा एक बॅचमेट चौदा महिने होता, आत कुणालाच काही झालेलं नव्हतं, पण कुठलंच पोर्ट उतरू देईना, दात दुखतोय तर डेंटिस्टकडे नेईनात.

आणि एक गोष्ट आहे ती वहिनींनी नको, त्याच्या मोठ्या भावाने सांगायची. पोर्टला उतरल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहितीये. १९२४ साली ब्रुसेल्सला देशांनी करार केला होता की कुठल्याही देशाच्या खलाशाला बंदरात गुप्तरोगांचे उपचार फुकट द्यायचे, म्हणजे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही एवढा मोठा होता. बोटीच्या औषधांच्या कपाटात कंडोम असतात, सेकंड मेटकडे मागायला लाजायचं नाही, आम्ही नाव लिहून ठेवत नाही.

डॉ_पाचपाखाडी

ओडोमॉस चालेल पण पुन्हा पुन्हा लावावं लागेल, घामाने जातं. चार तासांच्या वॉचला ३० टक्क्यांच्या आसपास डीईईटी (डास पळवणारं औषध) असलेलं रिपेलंट बरं, तेही सोबत द्या. बारा ट्यूब असू देत, बाकीचा क्रू संपवेल. उन्हात सनस्क्रीन आधी, त्यावर रिपेलंट.

तो शनिवारी संध्याकाळी येऊ शकत असेल तर इथेच मेसेज टाका, गोळीचं समोर बोलू.

गॅलीतला_माणूस

वहिनी मेतकूट द्या डबाभर. औषध नाही पण तिसऱ्या महिन्यात कळेल त्याला.

वहिनी_घणसोली

मंडळी, धागा वर काढतेय, दोन-अडीच महिन्यांनी. दीर ठीक आहे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, उन्हासाठी फुल बाह्या आणि टोपी. कोटोनूला १७ दिवस होते, पावसाने लांबलं, मग आबिजान. त्याच्या बोटीचा कुक केरळचा आहे, दुपारच्या जेवणाला स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहतो आणि सगळ्यांनी गोळी गिळल्याशिवाय भाताचं भांडं पुढे सरकवत नाही म्हणे. तरी एका फिटरला ताप आलाच, तो गोळी जिभेखाली ठेवून नंतर टाकून द्यायचा, पोट बिघडतं म्हणून. त्याने मात्र पहिल्याच रात्री सेकंड मेटला उठवलं, कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह, तिथल्या डॉक्टरला दाखवून औषध दिलं, सहाव्या दिवशी कामावर. कुणी घरी पाठवलं नाही.

परवा आबिजान सोडलं, आता रिकामी बोट ब्राझीलला साखर भरायला. दीर म्हणाला वहिनी आता बंद करू का गोळ्या, किनारा तर मागे गेला. मी म्हटलं फ्रिजवर लिहिलंय, चार आठवडे. सासूबाईंनी कालनिर्णयवर निघाल्याची तारीख गोल केलीये आणि तिथून २८ घरं मोजून रोज एक फुली मारतायत, आज तिसरी मारली. पुढच्या पानांवरसुद्धा तीन महिने पेन्सिलने रेघ ओढून ठेवलीये. विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या डॉक्टर म्हणाले होते ना, तेवढ्यात ताप आला तर पहिलं वाक्य कुठलं ते.